नाही म्हणजे कुठले नाही?

गेल्या श्रावणात नाशिकहून एका वाचकांचे पत्र आले. मागे कधीतरी या सदरात आईच्या मोठ्या अक्षरांतल्या गोष्टीचा मी ओझरता उल्लेख केला होता. तो धरून त्यांनी लिहिले होते : "आपण तो प्रोग्राम संगणकावर मुळापासून बांधून घेतलात, असे आपण म्हणता. मीही निवृत्तीनंतरचा उद्योग म्हणून एक प्रोग्राम असाच बांधावयास घेतला आहे. तीन रविवार गेले. यंत्र म्हणते, लायब्ररी नाही. लायब्ररी तर माझ्या डोळ्यांसमोर त्याच यंत्रात पडलेली आहे. आता खोटे कोण बोलते, ते यंत्र की मी?"

वाचकहो, दोघेही खरे बोलतात, हीच तर या प्रकरणातली गंमत आहे. पण ती पोस्टकार्डावर मावणारी नव्हे. दिवाळी अंकात संपादक चार पाने अधिक देतात, म्हणून उत्तर आजवर राखून ठेवले. ज्यांना संगणकाशी कर्तव्य नाही त्यांनीही पान उलटण्याची घाई करू नये. यात आमच्या आईचाही भाग आहे, आणि माझ्या मते तोच मोठा आहे.

गोष्ट 2018 च्या दिवाळीपासूनची. आमच्या घरी दिवाळी अंक आले की पहिला मान आईचा. तेव्हा तिचे वय 84. हातात अंक आणि कानावर पेन्सिल, अशी ती खिडकीशी बसायची. वाचता वाचता समासात शेरे मारायची : ‘शेवट ओढून आणला आहे’, ‘ही बाई असे बोलणार नाही’, ‘मुद्रितशोधक झोपले होते काय?’ आम्ही बाकीचे मागाहून अंक वाचत असू ते निम्मे त्या शेऱ्यांसाठी.

त्या वर्षी मी विचारले, "आई, अंक वाचलास का?"

"वाचला की."

"कसा आहे?"

"बरा आहे."

मी ते ऐकून घेतले आणि कामाला लागलो. शहाण्या माणसाला तिथल्या तिथे संशय यावयास हवा होता, कारण आमच्या आईने जन्मात कशाला नुसते ‘बरे’ म्हटलेले नाही. संशय आला तो आमच्या सौ.ला, आणि तोही तुळशीचे लग्न होऊन गेल्यावर. तिने अंक माझ्यापुढे टाकला. "अहो, बघा तरी. एकही पेन्सिलीची खूण नाही यात."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. चष्म्याचा नंबर बदलून उपयोग नाही. अक्षर मोठे आणि ठसठशीत असेल, वर उजेड चांगला असेल, तर मात्र पुष्कळ वाचता येईल. रिक्षात बसल्यावर मी जरा रागावूनच म्हणालो, "आई, तू सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?" ती म्हणाली. "वाचलास का अंक, एवढंच विचारलंस. मी हो म्हटलं."

तिची एक जुनी पेटी आहे. तीत चाळीसेक दिवाळी अंक आहेत, आणि त्यांतल्या 1961 च्या एका अंकात तिची स्वतःची गोष्ट आहे. आयुष्यात छापून आलेली तिची ती एकच गोष्ट. त्यानंतर आम्ही झालो, आणि मग लिहिणे राहिले ते राहिलेच. पुढच्या गणपतीत, म्हणजे 2019 साली, ती सहज म्हणाली, "त्या गोष्टीचा शेवट मी काय केला होता, ते काही केल्या आठवत नाही रे." वाचून दाखवू म्हटले तर म्हणाली, "नको. आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की चांगलीच वाटते. माझी मला वाचायची आहे."

पानाचा फोटो काढून पडद्यावर मोठा केला, तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला चित्र डावीकडून उजवीकडे सरकवावे लागते. चार ओळींत आई दमली. तेव्हा चित्र नको, अक्षरे हवीत. म्हणजे ती हव्या त्या आकारात पुन्हा मांडता येतील. छापील पानाच्या चित्रातून अक्षरे ओळखून काढणारा एक प्रोग्राम आहे, त्याचे नाव टेसरॅक्ट. 1980 च्या दशकात हेवलेट-पॅकार्ड कंपनीत त्याचा जन्म झाला, 2005 साली तो सर्वांना मोकळा झाला, आणि मराठीही त्याला वाचता येते. आता, फोनवर एकेक पान दाखवून अक्षरे काढणाऱ्या सोयीही तेव्हा होत्या, नाही असे नाही. पण पेटीत अंक चाळीस! "एक गोष्ट तर आहे, टाइप करून टाका की," असे सौ. म्हणाली. त्यावर मी काय उत्तर दिले ते आता आठवत नाही, आणि तिला आठवत असले तर तिने ते कृपा करून सांगू नये.

भाचा 2016 साली जर्मनीला गेला, तेव्हा त्याचा जुना लॅपटॉप माझ्याकडे ठेवून गेला होता. त्यावर त्याच वर्षीची लिनक्स होती. तिच्याबरोबर तयार मिळणारा टेसरॅक्ट तिसऱ्या आवृत्तीचा. त्याला आईच्या गोष्टीचे पान दाखवले, तर त्याने असे काही मराठी बाहेर काढले की ते आईला दाखवण्याचे धैर्य झाले नाही. 2018 च्या ऑक्टोबरात चौथी आवृत्ती आली होती. ती एकेक अक्षर सुटे न पाहता सबंध ओळ वाचते, त्यामुळे आपल्या काना-मात्रा-वेलांट्यांना ती पुष्कळच बरी. परंतु त्या जुन्या लिनक्ससाठी ती तयार मिळत नव्हती. म्हणजे विकतचा फराळ बंद, घरीच भाजणीपासून सुरुवात. प्रोग्रामचा मूळ मजकूर आणावयाचा, आणि त्यातून चालणारा प्रोग्राम आपल्या यंत्रावर आपणच बांधावयाचा.

इथे ‘लायब्ररी’ या शब्दाचा उलगडा करावयास हवा. कुठलाही प्रोग्राम सगळी कामे स्वतः करीत नाही. पीएनजी जातीचे चित्र उघडणे हे काम कुणीतरी एकदा नीट लिहून ठेवले आहे. बाकीचे ते उसने घेतात. वाकडे पान सरळ करणे, डाग पुसणे, शाई आणि कागद वेगळे करणे ही कामे लेप्टॉनिका नावाच्या संचात आहेत. टेसरॅक्ट तो उसना घेतो. अशा उसन्या घ्यावयाच्या कामांचा संच म्हणजे लायब्ररी, आणि आपल्या प्रोग्रामची तिच्याशी गाठ मारून देणे म्हणजे लिंकिंग, आपण जोडणी म्हणू.

आमच्या लहानपणी गावच्या वाचनालयात कपाटांपाशी कुणाला सोडीत नसत. अलीकडे एक अर्धे दार, पलीकडे कारकून. आपण सूची चाळावयाची, चिठ्ठीवर क्रमांक लिहावयाचा, आणि कारकुनाने पुस्तक आणून द्यावयाचे. पुस्तक कपाटात असले आणि सूचीत नसले तर? कारकून म्हणे, "नाही." पुस्तक बाजूच्या खोलीतल्या नव्या कपाटात असले आणि कारकुनाला ती खोली ठाऊक नसली तर? "नाही." जुनी आवृत्ती असली आणि आपण नवी मागितली तर? तरीही "नाही." चष्म्यावरून पाहत एकाच सुरात म्हटलेला तो ‘नाही’ ज्यांनी ऐकला आहे, त्यांना संगणकावरची जोडणी शिकवावी लागत नाही.

बांधणीची पहिली पायरी म्हणजे ‘कॉन्फिगर’ नावाची आज्ञा. ती यंत्रभर हिंडून हाताशी काय काय आहे ते पाहते, आणि पडद्यावर भराभर ओळी धावतात : अमुक आहे का? हो. तमुक आहे का? नाही. माझ्या यंत्रावर ती धावत धावत गेली आणि एका वाक्यापाशी थांबली. लेप्टॉनिका 1.74 किंवा पुढची हवी. अमुक नावाचा गठ्ठा बसवून पाहा, असे ते वाक्य होते.

मी आज्ञाधारक माणूस. सांगितलेला गठ्ठा बसवला. पुन्हा कॉन्फिगर. पुन्हा तेच वाक्य, स्वल्पविरामाचाही फरक नाही. तोच गठ्ठा बसवून पाहा, म्हणे! अहो, बसवला ना! मी तो काढून परत बसवला. यंत्र बंद करून चालू केले. त्या रात्री बारा वाजेपर्यंत मी तेच तेच करीत होतो, आणि दर वेळी काहीतरी वेगळे घडेल अशी माझी मनापासून खात्री होती.

दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन लावला आणि पडद्यावरचे वाक्य वाचून दाखवले.

"मामा, ते वाक्य बाजूला ठेवा," तो म्हणाला. "तो नुसता निकाल आहे. साक्षीपुरावे दुसरीकडे असतात. कॉन्फिग डॉट लॉग नावाची फाइल उघडा."

उघडली. हजारांवर ओळी! मी शहाणपणाने शेवटापासून वाचावयास लागलो, तर शेवटी नुसत्या याद्या. "शेवट सोडून द्या, तिथे सामानाची मोजदाद असते," भाचा म्हणाला. "लेप्ट हा शब्द शोधा आणि तो जिथे पहिल्यांदा अडला तिथे वाचा." तिथे स्वच्छ लिहिले होते : मागितली 1.74 किंवा पुढची, आढळली 1.73.

म्हणजे लेप्टॉनिका ‘नाही’ असे मुळी नव्हतेच! होती. एका शतांशाने जुनी होती. 2016 च्या लिनक्सच्या भांडारात त्या वेळची आवृत्ती असणार, आणि तोच गठ्ठा मी शंभरदा बसवला तरी तो 1.73 च राहणार. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे. आणि गठ्ठा बसवा हा सल्ला ज्याने लिहिला, त्याने तो चांगल्या मनानेच लिहिला होता. माझ्याकडे तीन वर्षांपूर्वीचे भांडार आहे हे त्याला कसे कळावे?

तेव्हा लेप्टॉनिकाही मुळापासून बांधणे आले. 2019 सालची 1.78 आवृत्ती आणली. भाच्याने बजावले होते की यंत्राच्या मुख्य कपाटांना हात लावू नका, आपल्या स्वतःच्या खोलीत वेगळे कपाट करा. तसे केले. कॉन्फिगर केले, शंभरेक ओळी धावल्या, कुठे अडले नाही. बांधणी झाली, नव्या कपाटात मांडणी झाली. मी हात झटकले, चहा मागवला, आणि टेसरॅक्टला पुन्हा कॉन्फिगरची आज्ञा दिली.

लेप्टॉनिका 1.74 किंवा पुढची हवी.

चहा निवून गेला. पण या खेपेस मला अक्कल आली होती. फोनकडे हात न नेता मी साक्षीपुरावे उघडले. आढळली 1.73! माझी 1.78 खोलीत बसलेली, आणि याला आपली ती जुनीच आढळते! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय.

या कामी एक कारकून असतो, त्याचे नाव पीकेजी-कॉन्फिग. कुठली लायब्ररी कुठे आहे, कितवी आवृत्ती आहे, याची कार्डे तो वाचतो. परंतु कार्डे ठेवलेल्या ठराविक जागाच त्याला माहीत. माझ्या खोलीत नवे कपाट आले आहे हे त्याला कुणी सांगितले नव्हते, म्हणून नेहमीच्या जागी पाहून त्याला जुने कार्ड मिळाले, ते त्याने प्रामाणिकपणे वाचून दाखवले. त्याला नवी जागा सांगण्याची रीत आहे. ‘पीकेजी कॉन्फिग पाथ’ नावाची एक पाटी असते, तिच्यावर आपल्या कपाटातल्या कार्डांचा पत्ता लिहावयाचा. मग तो आधी तिथे पाहतो. लिहिला. कारकुनाला विचारले, लेप्टॉनिका कितवी? म्हणाला, 1.78. मी त्याला मनातल्या मनात हात जोडले. कॉन्फिगर शेवटपर्यंत गेले आणि बांधणी सुरू झाली. जुने यंत्र पंख्याचा आवाज करीत तासभर तापत होते. सौ.ने त्याच्या शेजारून उटण्याची वाटी उचलून नेली.

आता नाशिककरांकडे वळतो, कारण त्यांचा ‘नाही’ याहून वेगळा निघाला. मी त्यांना पत्र लिहून साक्षीपुराव्यांची ती चार पाने छापून पाठवावयास सांगितली. कॉन्फिगर पुष्कळदा कार्ड वाचून थांबत नाही. ते दोन-चार ओळींचा एक चिमुकला प्रोग्राम लिहिते, तो त्या लायब्ररीशी जोडून पाहते, आणि जोडला गेला तर ‘हो’, नाही तर ‘नाही’ म्हणते. जोडणी का फसली, याची पडद्यावर चौकशी नाही. सूचीचे पान नसले, लायब्ररीला स्वतःला तिसरीच एखादी लायब्ररी लागत असली आणि ती नसली, किंवा आपणच दिलेल्या आज्ञेत एखादे अक्षर चुकले, तरी पडद्यावर तोच एक ‘नाही’. नाशिककरांच्या कागदांत जोडणाऱ्याचा कबुलीजबाब होता : ही फाइल सापडली, परंतु जुळत नाही म्हणून वगळली. आणि लगेच खाली : सापडत नाही. त्यांनी ती लायब्ररी आपल्या जुन्या संगणकावरून उचलून आणली होती. तो होता 32 बिटांचा, नवा 64 बिटांचा. दोन्ही फाइलींचे नाव एकच, नजरेला फरक शून्य, म्हणून ते म्हणत होते की समोर पडली आहे, आणि यंत्र म्हणत होते की नाही. मी त्यांना तेवढी एक ओळ तांबड्या शाईने अधोरेखित करून परत पाठवली. आठ दिवसांनी उत्तर आले, त्यात मजकूर कमी आणि उद्गारचिन्हे जास्त होती.

आणखी एका ‘नाही’चा उल्लेख इथेच उरकतो, कारण तो सर्वांत जास्त आढळतो. लिनक्सच्या भांडारात बहुतेक लायब्ऱ्या दोन गठ्ठ्यांत असतात. एकात पुस्तक, दुसऱ्यात सूची. तयार प्रोग्राम चालवावयाचा तर पुस्तक पुरे. पण नवा प्रोग्राम बांधावयाचा तर सूचीही लागते. तिच्या गठ्ठ्याच्या नावामागे ‘डेव्ह’ किंवा ‘डेव्हेल’ असे शेपूट असते. शेपूटवाला गठ्ठा नसला की यंत्र नाही म्हणते, आणि आपण पुस्तकावर बोट ठेवून त्याच्याशी भांडत बसतो.

हे सगळे ‘नाही’ मी आता आपल्याला मोठ्या ऐटीत सांगतो आहे. मला ज्याने खरे रडवले, तो ‘नाही’ नव्हताच. तो ‘हो’ होता.

टेसरॅक्ट बांधून झाला. मराठीची विद्या ज्या फाइलीत असते ती आणून जागेवर ठेवली. धनत्रयोदशीला तीन दिवस उरले होते. आईच्या गोष्टीचे पहिले पान दुकानातून स्कॅन करून आणलेले, पीएनजी जातीचे, स्वच्छ. आज्ञा दिली. उत्तर आले, ‘फंक्शन नॉट प्रेझेंट’. म्हणजे हे काम इथे हजर नाही! पान उघडण्याचेच काम हजर नाही. दोन्ही कॉन्फिगर शेवटपर्यंत गेलेली, दोन्ही बांधण्या निर्विघ्न पार पडलेल्या, आणि वाचणाऱ्या यंत्राला पानच उघडता येत नाही!

फोनवर भाचा आधी म्हणाला, "मामा, जोडणी दोनदा होते बरं का. एकदा बांधताना, आणि पुन्हा दर वेळी चालवताना. बांधताना नवी लेप्टॉनिका घेतली असेल, पण चालवताना जुनीच उचलत असेल. एलडीडी अशी आज्ञा आहे, ती देऊन पाहा. कुणाशी गाठ पडते आहे ते ती सांगेल." पाहिले. नवीशीच गाठ पडत होती. मग मला आठवले की तो टाकाऊ ठरवलेला तिसऱ्या आवृत्तीचा टेसरॅक्ट हेच पान मुकाट्याने उघडत होता. भले वाचीत होता वेडेवाकडे, पण उघडत होता! जुन्याला जमते आणि नव्याला जमत नाही, तर खोट पानात नाही, नव्या लेप्टॉनिकात आहे.

तिचे कॉन्फिगर पुन्हा चालवले आणि या वेळी शंभराच्या शंभर ओळी बोट ठेवून वाचल्या. मध्येच कुठेतरी होती : पीएनजीची लायब्ररी? नाही. आणि पुढच्या ओळीवर गाडी सुखरूप पुढे गेलेली. अहो, हे लपवलेले नव्हते. पीएनजीशिवायही ज्यांचे काम भागते असे लोक असतात, म्हणून लेप्टॉनिकाच्या कर्त्यांनी चित्रांच्या जाती ऐच्छिक ठेवल्या आहेत. ज्याची लायब्ररी सापडेल ते काम आत घ्यावयाचे, नसेल त्याच्या जागी ‘हजर नाही’ एवढी पाटी लावावयाची, आणि बांधणी पुरी करावयाची. यंत्राने मला सांगितले होते. मी चहाची वाट पाहत होतो.

"तुम्ही विचारलंत काय?" भाच्याने विचारले. "नुसतं कॉन्फिगर म्हटलंत की ते हाताशी असेल तेवढ्यात भागवतं आणि हो म्हणतं. ‘विथ लिबपीएनजी’ असं नाव घेऊन सांगायचं. मग ते नसलं तर मुकाट्यानं पुढं जात नाही, अडून बसतं."

मी फोन कानाशी धरून खिडकीकडे पाहिले. आई पाठमोरी बसून वाती वळीत होती.

पीएनजीचा शेपूटवाला गठ्ठा बसवला. जेपीजी आणि टिफ यांचेही बसवले, आता परीक्षा नको. आधीची अर्धवट बांधणी साफ पुसून टाकली, कारण जुने ‘नाही’ कुठे पोटात राहिले तर पुन्हा पंचाईत. मग एकेकाचे नाव घेऊन लेप्टॉनिकाला कॉन्फिगर केले, बांधले, त्याच कपाटात मांडले. टेसरॅक्टला हात लावावा लागला नाही. चालवताना जोडणी नव्याने होते ना, तेव्हा त्याला आपोआप नवे पुस्तक मिळाले. टेसरॅक्टला त्याची आवृत्ती विचारली की तो सोबतच्या लेप्टॉनिकाचे नाव सांगतो, आणि तिच्यापुढे तिच्या पोटातल्या चित्रांच्या लायब्ऱ्यांचीही यादी देतो. तीत पीएनजी दिसले. हे मी पहिल्याच दिवशी विचारले असते तर एक रात्र वाचली असती, परंतु पहिल्या दिवशी मला काय विचारावे हेच ठाऊक नव्हते.

नाशिककरांसारखे आणखी कुणी या वाटेने निघाले असतील, तर त्यांना एवढे सांगितले पाहिजे की टेसरॅक्टसाठी आता एवढी पायपीट नको. 2021 साली त्याची पाचवी आवृत्ती आली आणि अलीकडच्या लिनक्सच्या भांडारांत ती तयार मिळते. परंतु दुसरा कुठला प्रोग्राम बांधावयाचा झाला, की अर्ध्या दारापलीकडे हाच कारकून उभा असतो.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आईची गोष्ट यंत्राबाहेर पडली. चुका होत्याच. घ चा ध झाला होता, भ चा म झाला होता. गोष्ट 1961 सालची, म्हणजे 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची. त्यामुळे ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’ यांवर अनुस्वारांचा वर्षाव, आणि कागद इतका जुना की त्यावरच्या डागांचेही यंत्राने इमानाने अनुस्वार केले होते. मी आणि सौ. मूळ पान शेजारी ठेवून रात्री एक वाजेपर्यंत शब्द न् शब्द ताडून पाहत होतो. "टाइप करून एव्हाना..." असे तिने सुरू केले आणि माझा चेहरा पाहून वाक्य सोडून दिले. मग गोष्ट भल्यामोठ्या ठळक अक्षरांत छापली. मूळची साडेतीन पाने होती, त्यांची एकोणतीस झाली.

अभ्यंगस्नान, फराळ आटोपल्यावर ते बाड आईच्या हातात दिले आणि खिडकीशी दिवा ओढून दिला. "वाचता येतंय का?" असे विचारणार होतो, पण म्हटले नको. "आई, दुसऱ्या ओळीतला तिसरा शब्द कुठला आहे?" असे विचारले.

तिने माझ्याकडे पाहिले. मग कागद जरा तिरका धरला, मान वळवली. "‘उंबरठ्यावर’," ती म्हणाली. "परीक्षा कसली घेतोस?"

मग कुणी बोलले नाही. ती वाचीत होती, एकेक पान पालथे घालून ठेवीत होती. मधूनच तिचे ओठ हलत. दोनदा हसली, एकदा "शी!" म्हणाली. तासाभराने, विसाव्या की एकविसाव्या पानावर ती थांबली, बोट ठेवले आणि मला हाक मारली.

"अरे, हे बघ. इथे ‘माहेर’ नव्हतं. ‘मोहर’ होतं. अंगणात आंब्याला मोहर आला होता."

मी ओशाळलो. "यंत्राची चूक असेल आई, आम्ही रात्री बघितलं होतं, पण नजरचुकीनं..." असे म्हणत मी पेटीतला मूळ अंक काढला, पान उघडले आणि भिंग धरले. मूळ अंकात स्वच्छ ‘माहेर’ छापले होते.

"यंत्राचं नाही रे," आई म्हणाली. "तेव्हाच चुकलं होतं. मी संपादकांना पत्रसुद्धा लिहिलं होतं. सबंध वाक्याचा अर्थ बिघडतो. बरं, पेन्सिल कुठे ठेवलीत माझी?"